बँकेतलं बक्षीस आणि बांधिलकी: तुम्ही नेमकं काय मोजताय?



सिनॉप्सिससाठी विषय शोधताना ‘बँक कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा त्यांच्या बांधिलकीवर होणारा परिणाम’ हा विषय हमखास समोर येतो. दिसायला सोपा. प्रश्नावली बनवा, दोनशे जणांकडून भरून घ्या, सहसंबंध काढा, झालं! पण खरी मेख ‘बांधिलकी’ या शब्दातच आहे.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन घटक मांडले. पहिली भावनिक: ‘मला इथं राहायचंय’. दुसरी गरजेपोटीची: ‘सोडलं तर माझंच नुकसान आहे’. तिसरी नैतिक: ‘संस्थेनं माझ्यासाठी केलंय, मी राहायला हवं’. तिन्ही असणारा माणूस नोकरीत टिकतो. पण सकाळी शाखेत येताना तिघांच्या मनात काय चाललेलं असतं, ते वेगळं असतं.

आता सरकारी बँकेतला एक अधिकारी डोळ्यांसमोर आणा. त्याला कर्मचारी म्हणून सवलतीच्या दरानं गृहकर्ज मिळालंय. राजीनामा दिला की ती सवलत सहसा जाते आणि हप्ता वाढतो. हे बक्षीस आहे का? नक्कीच आहे. त्यानं तो टिकेल का? बहुधा टिकेल. पण त्याला बँकेबद्दल आपुलकी वाटते, असं यावरून म्हणता येईल का? अजिबात नाही! तुम्ही तिन्ही घटकांचे गुण एकत्र करून एकच आकडा काढलात, तर कर्जात अडकलेला माणूस आणि कामावर जीव असलेला माणूस तुमच्या तक्त्यात सारखेच दिसतील. माझ्या मते या विषयावरचे बरेच प्रबंध इथंच फसतात.

दुसरा प्रश्न, बक्षीस कशासाठी मिळतं? नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारानं सरकारी बँकांमध्ये कामगिरीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आला. तेव्हाच्या सूत्रानुसार बँकेचा कार्यचालन नफा ५ ते १० टक्के वाढला तर ५ दिवसांचा पगार, १० ते १५ टक्के वाढला तर १० दिवसांचा आणि त्याहून जास्त वाढला तर १५ दिवसांचा. म्हणजे नफा अख्ख्या बँकेचा आणि भत्ता सगळ्यांना. गडचिरोलीतल्या कॅशियरनं कितीही घाम गाळला, तरी त्या आकड्यात त्याचा वाटा त्याला दिसणार नाही. त्याच्यासाठी घराजवळची बदली हे कदाचित मोठं बक्षीस असेल, पण ते पगारपत्रकात येत नाही. तुमच्या प्रश्नावलीत तरी येतं का, बघा.

याच्या उलट टोक म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो. तिथं खालच्या कर्मचाऱ्यांचं बक्षीस थेट विक्रीच्या टार्गेटशी जोडलेलं होतं. ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना काढल्याचं बाहेर आलं. बक्षिसाचा परिणाम झाला, पण बांधिलकी जडली ती आकड्याशी.

खासगी बँकांचं चित्र आपल्याकडेही बोलकं आहे. निवडक खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत नोकरी सोडण्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ च्या अहवालात नोंदवलं. तिथं इन्सेंटिव्ह असतो, तरी माणसं जातात. म्हणून सरकारी आणि खासगी नमुना एकत्र मिसळू नका. दोन्हीकडे ‘राहणं’ याचा अर्थच वेगळा आहे.

मी मूळचा प्रयोगशाळेतला, म्हणून एक गोष्ट मला फार खटकते. एकाच माणसानं, एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर ‘बक्षिसाबद्दल समाधानी आहात का?’ आणि ‘बँकेबद्दल आपुलकी आहे का?’ या दोन्हींची उत्तरं द्यायची. त्या दिवशी साहेब ओरडले असतील तर दोन्ही उत्तरं खाली जाणार आणि आपण म्हणणार, वा, सहसंबंध सापडला! निदान दोन प्रश्नावल्यांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवा. पगारकरार साधारण पाच वर्षांनी होतो. थकबाकी नुकतीच हातात पडली असताना माहिती गोळा केली, तर तेही प्रबंधात लिहा.

गाईडकडे जाण्याआधी परिकल्पना तीन वेगळ्या वाक्यांत लिहून बघा: कोणतं बक्षीस, कोणत्या बांधिलकीवर, कोणत्या प्रकारच्या बँकेत. एखादं वाक्य लिहिताच येत नसेल, तर प्रश्नावली छापायची घाई करू नका.