जुन्या पिस्तुलांच्या मुठी : मापाचा प्रश्न
जुन्या पिस्तुलाच्या मुठीवरील पट्ट्या भंगल्यास त्याच नमुन्याच्या दुसऱ्या सहज बसतील, हा समज सर्वत्र खरा ठरत नाही. १९०८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या ल्युगर पिस्तुलाच्या लाकडी पट्ट्या त्या त्या सांगाड्याशी जुळविलेल्या असत. त्यांच्या आतील अंगावर पिस्तुलाच्या क्रमांकाचे अखेरचे दोन अंक आढळतात, ते यामुळेच. याउलट १९११ च्या अमेरिकन कोल्टचे भाग अदलाबदलीयोग्य असल्याने नवी पट्टी तेथे प्रायः बसते. सबब ल्युगरसाठी पट्टी किंचित मोठी घेऊन लाकूडच कानशीने घासावे. पोलादास हात लावू नये. मूळ पट्ट्या भंगलेल्या असल्या तरी जपून ठेवाव्यात. कारण ते दोन अंक हा शस्त्राच्या मूळ स्वरूपाचा पुरावा होय.