शेजारधर्म (भाग ९) : उज्जैनचा बिशप कोण ठरवतो?

माळव्यातल्या ख्रिस्ती वस्त्या कशा वसल्या, ते गेल्या भागात पाहिले. आज त्या वस्त्यांचा कारभार ज्याच्या शब्दावर चालतो त्या बिशपविषयी. नवा बिशप नेमला जातो तेव्हा स्थानिक माणसे कधी आनंदाने, कधी धास्तीने, तर कधी उघड विरोधाने त्याचे स्वागत करतात. ही प्रतिक्रिया समजून घ्यायची तर आधी एक प्रश्न सोडवायला हवा : त्याला नेमले कोणी?

२८ ऑगस्ट २०२५ रोजी सिरो-मलबार कॅथलिक चर्चने उज्जैन, कल्याण, फरिदाबाद आणि शमशाबाद या चार धर्मप्रांतांना महाधर्मप्रांताचा दर्जा दिला. १९९८ पासून उज्जैनचे बिशप असलेले सेबॅस्टियन वडक्केल आर्चबिशप झाले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, लंडनहून दुसरी बातमी आली. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुल्लाली यांची निवड झाली होती. एकेकाळी परिचारिका असलेल्या मुल्लाली या पदावर निवडल्या गेलेल्या पहिल्याच स्त्री. आफ्रिकेतल्या काही अँग्लिकन धर्मनेत्यांनी या निवडीला जाहीर विरोध केला.

दोन्ही बातम्यांत ‘आर्चबिशप’ असले तरी घराणी वेगळी आहेत. उज्जैनचे आर्चबिशप पोपना मानणाऱ्या, केरळात मूळ असलेल्या चर्चचे. शहरातले पुष्पा मिशन हॉस्पिटल याच धर्मप्रांताचे. अँग्लिकन वारसा सांगणारे चर्च म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. लोक त्याला ‘सीएनआय’ म्हणतात. त्याच्या रचनेत उज्जैनला स्वतंत्र बिशप नाही. शहर भोपाळ धर्मप्रांतात मोडते. कँटरबरीचे आर्चबिशप हे जगभरच्या अँग्लिकनांचे मानाचे अग्रणी असतात, पण भोपाळ किंवा नागपूरचा बिशप नेमण्याचा अधिकार त्यांना नाही. पोपचा अधिकार आणि कँटरबरीचा मान यांत हा मोठा फरक आहे.

पण एक काळ असा होता की इथला बिशप खरोखरच इंग्लंडमध्ये ठरायचा. १९०३ साली कलकत्त्याच्या अवाढव्य धर्मप्रांतातून नागपूरचा धर्मप्रांत वेगळा काढला गेला. मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारतातली संस्थाने आणि राजपुताना एवढा मुलूख त्यात आला. शिंद्यांचे उज्जैनही त्या नकाशात नागपूरच्या बिशपकडे गेले. पहिले बिशप आयर चॅटर्टन हे आयरिश मिशनरी. त्यांनी गोंडवनावर पुस्तक लिहिले, या मुलखाची ओळख करून घेतली. पण त्यांच्या नेमणुकीत नागपूरच्या किंवा माळव्याच्या देशी ख्रिस्ती माणसाला मत नव्हते. महूच्या छावणीतले सैनिक आणि रेल्वेतले गोरे कर्मचारी यांच्यासाठी धर्मगुरू सरकारी खात्यातून यायचे. त्यामुळे बिशपही लोकांना साहेबांच्या उतरंडीतलाच एक साहेब वाटला, तर नवल नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला २९ डिसेंबर १९१२ रोजी. कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये व्ही. एस. अझरिया यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. गोरे लोक भारतीय बिशपच्या हाताखाली काम करतील का, अशी शंका अनेक युरोपियनांनी काढली. तमिळ ख्रिस्ती समाजातूनही विरोध झाला, कारण अझरिया नाडर जातीचे होते. बाप्तिस्मा घेतल्याने जात सुटत नाही, हे नेमणुकीच्या निमित्ताने उघडे पडले. अझरियांनी निजामाच्या राज्यातल्या दोर्नकलमध्ये काम उभे केले. तिथले कॅथेड्रल त्यांनी घुमट, मिनार आणि कमळे घालून इथल्या मातीतले बांधले. १९४५ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या पात्रतेविषयीच्या शंका कधीच विरल्या होत्या.

कायदा मात्र सावकाश बदलला. ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये इंडियन चर्च अ‍ॅक्ट केला आणि १ मार्च १९३० पासून भारतातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने मोकळे झाले. बिशप निवडणे ही इथल्या चर्चची स्वतःची बाब बनली. १९५७ साली जॉन सादिक हे भारतीय धर्मगुरू नागपूरचे बिशप झाले.

बिशपपदाचा मान किती, हे दीक्षाविधी पाहिला की कळते. किमान तीन बिशप उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात. तिघांचा हा दंडक इसवी सन ३२५ च्या निकेयाच्या धर्मपरिषदेपासूनचा. पुढे पदग्रहणाच्या दिवशी कॅथेड्रलचे दार मुद्दाम बंद ठेवतात. नवा बिशप बाहेर उभा राहतो, हातातल्या मेंढपाळाच्या काठीच्या टोकाने दारावर तीनदा ठोठावतो, मग दार आतून उघडले जाते. बिशप कितीही मोठा असो, दार उघडणारे हात आतल्यांचे असतात. स्थानिकांचा स्वीकार हा त्या विधीचाच भाग आहे.

उज्जैनच्या प्रोटेस्टंटांची गोष्ट आणखी निराळी. इथे काम वाढवले ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने. १८७७ पासून इंदूर हे त्यांचे केंद्र, आणि पुढे उज्जैनलाही ठाणे झाले. प्रेस्बिटेरियनांत बिशप नसतोच. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून निर्णय घेतात. माळव्यातल्या ख्रिस्ती घरांच्या दोन-तीन पिढ्या या पद्धतीत वाढल्या. कोणा एका माणसाला मुकुट आणि काठी देऊन सगळ्यांच्या वर बसवायचे, ही कल्पनाच त्यांना परकी होती.

आणि तरीही त्यांच्यावर बिशप आला. उत्तर भारतातल्या चर्चच्या एकीकरणाची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि ४१ वर्षे चालली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एक झाली आणि सीएनआय जन्मले. त्यांत अँग्लिकन होते, तसेच माळव्यातल्या मंडळ्या ज्यात सामील झाल्या होत्या ते युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होते. बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स यांनीही हात मिळवला. मेथडिस्टांचा अमेरिकी परंपरेतला मोठा गट मात्र आयत्या वेळी बाहेर राहिला. बालकांचा बाप्तिस्मा की प्रौढांचा, या वादात दोन्ही पद्धती मान्य झाल्या. बिशपच्या बाबतीत तडजोड अशी : पद राहील, परंपरेने चालत आलेलेच राहील, पण घटनेने बांधलेले असेल. अँग्लिकनांना बिशप मिळाला. वडिलांच्या सभेत वाढलेल्यांना त्याच्यावर लगाम मिळाला. माझ्या मते भारतीय ख्रिस्ती इतिहासातली ही फार मोलाची देवघेव आहे, आणि ती आपल्या नागपुरात झाली हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

आज सीएनआयमध्ये धर्मप्रांताची परिषद नावे सुचवते आणि अंतिम नेमणूक सिनडच्या, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, पातळीवर होते. परिषदेत पाळकांबरोबर मंडळ्यांचे प्रतिनिधीही बसतात. म्हणूनच नेमणुकीच्या दिवसांत चर्चच्या आवारात निवडणुकीसारखी चर्चा रंगते. उमेदवार कुठला, आपली बोली त्याला येते का, आदिवासी गावांत तो फिरला आहे का, असे प्रश्न निघतात. सगळ्यांत टोकदार प्रश्न मात्र जमिनींचा. मिशनच्या काळातल्या शाळा, दवाखाने आणि शहरातल्या मोक्याच्या जागा चर्चकडे आहेत, आणि त्यांच्या मंडळांवर बिशप प्रमुख असतो. एका माणसाच्या सहीवर इतके काही अवलंबून असेल, तर गट पडणारच.

ही भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपूरच्या बिशपच्या घरावर छापा घातला. सुमारे १ कोटी ६५ लाख रुपये रोख सापडल्याचे जाहीर झाले. शाळांच्या फीचा पैसा इतरत्र वळवल्याचा आरोप होता. हे गृहस्थ त्या वेळी सीएनआयचे सर्वोच्च पदाधिकारी होते. त्यांना अटक झाली आणि ते पदही गेले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. पण ज्या चर्चने घटनेचा लगाम घडवला, तिथे तो कोणी ओढला नाही, हे दुखणे मंडळ्यांचे आहे. त्यानंतर नव्या नावाकडे लोक संशयाने पाहू लागले असतील, तर दोष त्यांचा नाही.

शंभर वर्षांत लोकांचे प्रश्न कसे बदलले पाहा. आधी विचारले जायचे, हा साहेब की देशी? मग विचारले गेले, हा कोणत्या जातीचा? आता विचारतात, हा हिशेब दाखवेल का? मला शेवटचा प्रश्न सर्वांत प्रौढ वाटतो. तो विश्वासाच्या विरुद्ध नाही. देवळाच्या विश्वस्तांना, वक्फच्या मुतवल्लींना, गुरुद्वाऱ्याच्या समितीलाही तो विचारला पाहिजे. सार्वजनिक श्रद्धेची संपत्ती सांभाळणारा कोणीही त्यातून सुटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नव्या बिशपच्या नेमणुकीची बातमी वाचाल, तेव्हा नावापाशी थांबू नका. तो कोणत्या चर्चचा, त्याला कोणी निवडले आणि तो कोणाला जाब देतो, एवढे तीन प्रश्न विचारा. ख्रिस्ती शेजारी असेल तर त्यालाच विचारा. तो आनंदाने सांगेल. पुढील भागात माळव्यातल्या मिशन शाळांविषयी.