जर्मन परीक्षेतलं औपचारिक पत्र : शब्द 40, गुण 20, पण पाठांतर चालत नाही

खानापूर तालुक्यातली एक मुलगी. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, बेळगावात एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करून दिवसा जर्मन शिकणारी. पुण्याला जाऊन बी-1 ची परीक्षा देऊन आली. वाचन, श्रवण, संभाषण हे तिन्ही विभाग सुटले. लेखनात 100 पैकी 56 पडले आणि पास व्हायला 60 लागतात. चार गुणांसाठी पुन्हा फी, पुन्हा रजा, पुन्हा पुण्याची रात्रीची गाडी.

काय चुकलं ते विचारल्यावर तिने सांगितलं, "दादा, क्लासमध्ये दहा पत्रं पाठ करून घेतली होती. शेवटच्या प्रश्नात शिक्षिकेला कळवायचं होतं की भेटीला येता येणार नाही. मला तक्रारीचं पत्र पाठ होतं, तेच थोडं फिरवून लिहिलं." निकालपत्रावर प्रश्नवार गुण नसतात, त्यामुळे नक्की कुठे किती गेले ते सांगता येत नाही. पण या परीक्षेचा एक नियम असा आहे की विषय सोडून लिहिलं, किंवा मागितलेल्या शब्दांच्या निम्म्याहून कमी लिहिलं, तर त्या प्रश्नाला सरळ शून्य मिळतं. मग व्याकरण कितीही शुद्ध असो. 20 गुणांच्या प्रश्नाला शून्य पडलं की उरलेल्या 80 मधून 60 काढायचे. म्हणजे किती अवघड, हे मी कॉमर्सचा माणूस असूनही सांगू शकतो.

डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि जर्मनीचा स्थलांतराबाबतचा करार झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. योजना पलीकडच्या राज्याची असली तरी वारं इकडेही आलं. नर्सिंग, आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट केलेली आपली मुलं जर्मनच्या मागे लागली आहेत. परिचारिकेला तिकडे पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक ठिकाणी बी-2 लागतं, त्याआधीची पायरी बी-1. म्हणून हा पत्राचा प्रश्न नेमका काय आहे, ते नीट पाहू.

ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, यांच्या बी-1 परीक्षेत लेखनाला 60 मिनिटं आणि तीन प्रश्न असतात. पहिला मित्राला ई-मेल, साधारण 80 शब्द. दुसरा एखाद्या विषयावर स्वतःचं मत, तेही 80 शब्द. या दोघांना 40-40 गुण. तिसरा औपचारिक ई-मेल, साधारण 40 शब्द, 20 गुण, सुचवलेला वेळ 15 मिनिटं. शब्दकोश वापरता येत नाही. टेल्क नावाची दुसरी परीक्षा आहे, तिच्या बी-1 मध्ये 30 मिनिटांत एकच पत्र असतं आणि चार मुद्दे दिलेले असतात. आपण कुठली परीक्षा देणार आहोत ते आधी ठरवा आणि त्याच परीक्षेचे नमुना पेपर सोडवा. दोन्हींची खिचडी करणारे बरेच भेटले.

आता पत्र. आपल्याला शाळेत विनंती अर्ज शिकवला होता, आठवतो? प्रति, विषय, महोदय, 'वरील विषयास अनुसरून', शेवटी आपला विश्वासू. जर्मन पत्राचा सांगाडा याच्या फार लांब नाही. विषयाला ते 'बेट्रेफ' म्हणतात. छापील पत्रात हल्ली तो शब्द लिहीत नाहीत, नुसती विषयाची ओळ देतात. नाव माहीत नसेल तर मायना 'झेअर गेएर्टे दामेन उंट हेरेन', म्हणजे आदरणीय महिला आणि सद्गृहस्थहो. नाव माहीत असेल तर बाईंना 'झेअर गेएर्टे फ्राउ' आणि आडनाव, पुरुषाला 'झेअर गेएर्टर हेर' आणि आडनाव. 'गेएर्टे' आणि 'गेएर्टर' यांतला तो 'र' विसरला की पहिल्याच ओळीत चूक. 'फ्राउ' ही लग्न झालेली-न झालेली दोघींना चालते. कुमारीसाठी 'फ्रॉयलाइन' शब्द होता, पण पश्चिम जर्मनीच्या सरकारी कागदांतून तो 1972 मध्येच काढला. जुन्या पुस्तकातून शिकलेल्या कुणी तो लिहू नये.

मायन्यानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढची ओळ छोट्या अक्षराने सुरू होते, कारण त्यांच्या लेखी वाक्य अजून चालू आहे. इंग्रजीची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास मोठ्या अक्षराकडे जातो. शेवटी 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन', म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार. त्यापुढे स्वल्पविराम नाही. खाली नाव, बस्स.

मराठी माणसाला एका गोष्टीचा फायदा आहे. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. जर्मनमध्ये तू म्हणजे 'डू' आणि तुम्ही म्हणजे 'झी'. अडचण एवढीच की 'झी' हाच शब्द छोट्या अक्षराने लिहिला तर त्याचा अर्थ 'ती' किंवा 'ते लोक' होतो. मान द्यायचा तर पहिलं अक्षर मोठं. 'ईनेन' म्हणजे तुम्हाला, 'ईअर' म्हणजे तुमचा, यांचंही तसंच. आणि एकदा तुम्ही म्हटलं की शेवटपर्यंत तुम्ही. मायना आदराचा आणि मध्येच 'डू' आलं, तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

नम्रपणाची दुसरी खूण दोन टिंबांत आहे. 'कोन्टेन झी' म्हणजे तुम्हाला जमलं होतं का, हा भूतकाळ. त्याच 'ओ'वर दोन टिंबं दिली की 'क्योन्टेन झी' होतं, म्हणजे तुम्ही कराल का, तुम्हाला जमेल का. हाताने लिहिताना घाईत टिंबं राहतात आणि विनंतीची चौकशी होते. संगणकावर परीक्षा असेल तर ही अक्षरं कळफलकावर कुठे आहेत ते घरीच पाहून ठेवा.

वाक्यरचनेत आपलं अर्धं काम मराठीने केलेलं असतं. 'वाइल' म्हणजे 'कारण'. त्याने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, जसं आपण म्हणतो 'कारण मला डॉक्टरकडे जायचं आहे'. हे आपल्या मुलांना पटकन जमतं. घोटाळा होतो तो साध्या वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं, पहिल्या जागी काहीही येवो. 'म्हणून मी येऊ शकत नाही' हे 'डेसहाल्प कान इश निश्ट कोमेन' असं होतं. आधी म्हणून, मग 'शकतो', मग मी. इंग्रजीच्या सवयीने 'डेसहाल्प इश कान' लिहिलं की चुकलं.

उदाहरण घेऊ. समजा प्रश्न असा आला : तुमच्या शिक्षिका फ्राउ श्मिट यांनी गुरुवारी भेटायला बोलावलं आहे, तुम्हाला जमणार नाही. माफी मागा, कारण सांगा. उत्तराचा गाभा दोन-तीन वाक्यांचा. 'फीलेन डांक फ्यूर दी आइनलाडुंग', बोलावल्याबद्दल आभार. 'लायडर कान इश आम डॉनर्स्टाग निश्ट कोमेन, वाइल इश आइनेन टेर्मिन बाइम आर्त्स्ट हाबे', दुर्दैवाने गुरुवारी येऊ शकत नाही, कारण डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मग माफी, आणि 'क्योन्टेन झी मिअर बिटे आइनेन आन्डेरेन टेर्मिन गेबेन', कृपया दुसरी वेळ द्याल का. मायना आणि शेवटचा नमस्कार धरला की 40 च्या आसपास शब्द होतात. यात अलंकार काही नाही. आपल्या अर्जातली 'आपण थोर मनाचे आहात, कृपावंत होऊन' अशी भाषा जर्मनमध्ये उतरवू नका. तिकडे ती विचित्र वाटते.

मग पाठ काय करायचं? मायना, शेवट आणि आभार, माफी, विनंती यांची चार-पाच वाक्यं. मधला मजकूर प्रश्न वाचूनच लिहायचा. प्रश्नात दोन गोष्टी सांगितल्या असतील तर त्यांच्याखाली रेघ मारा, आणि लिहून झाल्यावर दोन्ही आल्या का ते बोट ठेवून पाहा. हे करायला एक मिनिट लागतं.

बी-2 ला हेच काम मोठं होतं. लेखनाला 75 मिनिटं, प्रश्न दोन. पहिल्यात किमान 150 शब्दांत मत मांडायचं, 60 गुण. दुसरा औपचारिक निरोप, किमान 100 शब्द, चार मुद्दे, 40 गुण. तो बहुधा कामाच्या ठिकाणचा असतो, साहेबांना किंवा वरिष्ठांना. तिथे नुसती माफी पुरत नाही. अडचण समजते असं दाखवायचं, तोडगा सुचवायचा आणि मुद्दे एकमेकांना जोडायचे. इथेही मुद्दा गाळला की गुण जातात.

खरं तर सीमाभागातल्या माणसाला हे काम नवं नाही. घरात मराठी आणि कचेरीत अर्ज कन्नडमध्ये, हे आपण लहानपणापासून बघतो. परक्या भाषेत कागद लिहिताना भावनेपेक्षा तारीख, कारण आणि मागणी स्पष्ट लागते, हे तहसील कार्यालयाच्या खिडकीवर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जर्मनीत तर घरभाडं, विमा, नोकरी सोडणं, सगळ्याला अजून पत्र लागतं. तिकडे गेल्यावर हाच 40 शब्दांचा सराव घरमालकाला लिहिताना कामी येतो.

बी-1 आणि बी-2 मध्ये राहिलेला विभाग तेवढाच पुन्हा देता येतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्या मुलीने आता पाठ केलेली दहा पत्रं बाजूला ठेवली आहेत. रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास वॉर्ड शांत असतो, तेव्हा मोबाईलवर 15 मिनिटांचा गजर लावून रोज एक नवा प्रश्न सोडवते. वही मला दाखवली. पहिल्या पंधरा पानांवर 'गेएर्टर'मधला 'र' लाल पेनने घातलेला होता. पुढच्या पानांवर लाल पेन कमी दिसलं.