भाव कुणाचा: मूर्तीचा की गिऱ्हाइकाचा?

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातून गणपतीच्या मूर्ती ठिकठिकाणी जातात. समजा, तीच दीड फुटी मूर्ती गडबच्या दुकानदाराला ४०० रुपयांना आणि पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला ३५० ला दिली. मग डेटाबेसमध्ये भाव ठेवायचा कुठे? मूर्तीच्या तक्त्यात एकच भाव मावतो. ग्राहकाच्या तक्त्यात ठेवला, तर दर नव्या मूर्तीला नवा रकाना वाढवत बसावं लागतं.

कारण भाव दोघांपैकी एकाचा नाहीच, तो जोडीचा आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये अशी जोडीही तक्त्यातच लिहितात. म्हणून तिसरा तक्ता करा: ग्राहक क्रमांक, मूर्ती क्रमांक, लागू तारीख, भाव. पहिले तीन रकाने मिळून प्रायमरी की. ज्याचा खास भाव ठरलेला नाही, त्याला मूर्तीच्या तक्त्यातला सर्वसाधारण भाव.

आता तारीख कशाला? भाव बदलला की जुनी ओळ खोडायची नाही, नवी घालायची. विक्रीच्या दिवसापर्यंतची सर्वांत अलीकडची ओळ, तोच त्या दिवशीचा भाव. दुकानदाराचं काम आजच्या भावावर भागेल हो. पण उद्या तुम्ही दहा वर्षांच्या भावांवर प्रबंध लिहायला बसलात, तर खोडलेल्या ओळी कुठून आणणार?