भरपाईचा हिशेब असा होतो

अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. तो स्वतःच्या जिल्ह्यातही करता येतो. अपघात झाला तिथेच खेटे घालावे लागत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. दुःखात बुडालेल्या घराला ती फार अपुरी पडते.

रक्कम ठरवण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिले आहे. समजा, ३५ वर्षांचा रिक्षाचालक महिना २०,००० रुपये कमवायचा. चूक समोरच्या वाहनाची. मागे पत्नी, दोन मुले, आई. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता २१,०००. वर्षाचे २,५२,०००, गुणिले १६ (वयानुसार ठरणारा गुणक), म्हणजे ४०,३२,००० रुपये. अंत्यविधी वगैरेचे वेगळे. कोणी चार-पाच लाखांत ‘मिटवून टाकू’ म्हणाले, तर सही करण्याआधी हा गुणाकार जरूर मांडा.

गृहिणी गेली तरी तिच्या श्रमांचे मोल धरलेच जाते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावा.