आधी मोटार, मग आसन, शेवटी बाबागाडी

व्यापारी घराण्यांत खरेदीला एक शिस्त असते. माल हाताळून पाहिल्याखेरीज भाव ठरत नाही, आणि वजनकाटा तपासल्याखेरीज गोणी उतरवून घेतली जात नाही. घरात बाळाची चाहूल लागली, की मात्र हीच शिस्त आनंदाच्या भरात सैल पडते. मामाकडून बाबागाडी येते, आत्याकडून पाळणा येतो, कपड्यांचे ढीग लागतात. बाळाला मोटारीतून नेताना ते कोठे बसणार, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनातच येत नाही. रुग्णालयातून घरी येताना ते आजीच्या मांडीवर असते, सव्वा महिन्यानंतर माहेरहून सासरी जाताना आईच्या मांडीवर. पुढे मंदिराचे पहिले दर्शन, कुंभोज बाहुबलीची यात्रा, नात्यातील लग्नकार्ये असा बाळाचा सारा प्रवास मांडीवरच होत राहतो.

मांडीइतकी मायेची जागा दुसरी नाही, हे खरेच. परंतु अपघाताच्या क्षणी माया पुरी पडत नाही, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार समोरच्या वाहनावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. पाच किलोंचे बाळ त्या क्षणी एक क्विंटलाचे होते. पन्नास किलोंच्या दोन गोण्या कोणतीही आई दोन हातांत धरून ठेवू शकत नाही. आईने स्वतःचा पट्टा बाळासह बांधला, तर धोका आणखी वाढतो, कारण तिच्याच देहाचा सारा भार बाळावर येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार मोटारीत योग्य कारसीट वापरल्यास एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे २०१९च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेणाऱ्यास एक हजार रुपयांचा दंड ठेवला आहे. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण प्रश्न रकमेचा नाहीच.

एका सांगाड्यावर दोन कामे

तान्ह्या बाळाची कारसीट आज अनेकदा बाबागाडीच्या जोडीने विकली जाते. मोटारीतून आसन बाळासकट उचलावे, बाबागाडीच्या चाकांच्या सांगाड्यावर बसवावे आणि झोपलेल्या बाळाला न उठवता पुढे जावे, अशी ही सोय. बाजारात तिला ‘ट्रॅव्हल सिस्टीम’ म्हणतात. एकाच कंपनीची जोडी घेतली, तर दोन्ही वस्तू सहसा थेट जुळतात. मात्र त्या कंपनीचे प्रत्येक आसन तिच्या प्रत्येक गाडीवर बसेलच असे नाही. दोन कंपन्यांच्या वस्तू जोडायच्या असतील, तर मध्ये अडॅप्टर लागतो. सांगाड्याच्या दोन बाजूंना खोचायचे हे दोन लहान तुकडे असतात आणि आसन त्यांवर खटकन बसते. मॅक्सी-कोझी, सायबेक्स, नुना यांसारख्या बनावटींच्या आसनांसाठी अनेक बाबागाड्यांचे अडॅप्टर मिळतात. तरीही नुसत्या कंपनीच्या नावावर विसंबू नये. आसनाचे व गाडीचे नेमके मॉडेल बाबागाडीच्या कंपनीने दिलेल्या यादीत आहे की नाही, ते पाहावे. यादीत नसलेली जोडी कापडी पट्ट्याने वा दोरीने बांधून चालवणे म्हणजे बाळ रस्त्यावर पडण्याला निमंत्रण होय.

येथेच खरेदीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ घरांत आधी बाबागाडी पसंत होते आणि मग तिच्यावर बसेल ते आसन शोधले जाते. योग्य क्रम याच्या उलट आहे: आधी घरची मोटार, तिच्यात नीट बसणारे आसन, आणि सर्वांत शेवटी त्या आसनाला स्वीकारणारी बाबागाडी. बाबागाडी न जुळल्यास गैरसोय होते. आसन मोटारीशी न जुळल्यास जीव धोक्यात येतो.

मोटारीपासून सुरुवात

आसन मोटारीत बसवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मोटारीचा नेहमीचा सुरक्षा पट्टा आसनाभोवती फिरवला जातो. मागे तोंड करून बसवायच्या आसनावर या पट्ट्याचा मार्ग निळ्या खुणांनी दाखवलेला असतो. दुसऱ्या रीतीत मागच्या बैठकीच्या फटीतील आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्यांत आसनाचा पाया अडकवतात. पाया कायम मोटारीत राहतो, आसन तेवढे काढता-घालता येते आणि नीट बसल्यावर हिरवी खूण दिसते. आयसोफिक्समध्ये चुकीला वाव कमी असतो. परंतु जुन्या मोटारींत ही कडी नसतात आणि काही पायांना जमिनीवर टेकणारा आधारदांडा असतो. पायाखाली पोकळ कप्पा असलेल्या मोटारीत तो दांडा चालेल का, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

एकत्र कुटुंबात दुकानाची एक आणि घरची एक अशा दोन-तीन मोटारी असतात. प्रत्येक मोटारीसाठी वेगळा पाया घेणे महाग पडते. अशा घरांना पायाशिवाय, नुसत्या पट्ट्यानेही बसणारे आसन अधिक सोयीचे. मात्र लहान मोटारींत मागचा पट्टा कधी कधी आसनाभोवती फिरण्याइतका लांब नसतो. म्हणून दुकानदाराला विनंती करून आसन स्वतःच्या मोटारीत बसवून पाहावे. बसवल्यावर पट्ट्याच्या जागी धरून हलवले असता ते अडीच सेंटीमीटरहून अधिक सरकता कामा नये. गाडी नोकरीवरचा चालक चालवत असेल, तर ही रीत त्यालाही शिकवावी.

आसनावरची चिठ्ठी

आसनाच्या पाठीवर किंवा तळाशी मानकाची चिठ्ठी असते. युरोपीय मानकांत आर ४४ हे जुने मानक वजनावर चालते. तान्ह्यांच्या आसनासाठी त्याची मर्यादा १३ किलो. आर १२९ हे नवे मानक बाळाच्या उंचीवर चालते, बाजूने होणाऱ्या धडकेचीही चाचणी मागते आणि १५ महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड मागेच असावे असा नियम घालते. भारतीय मानक एआयएस ०७२ या नावाने ओळखले जाते. यांपैकी कोणतीच चिठ्ठी नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली, तरी तो माल घेऊ नये.

तोंड मागे का, याचे कारण बाळाच्या देहरचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे पावपट असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली असता मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान व डोके आसनाच्या कवचात एकत्र पेलले जाते. पुढे तोंड असेल, तर सारा झटका मानेवर येतो. असे आसन चालकाशेजारी, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगताना ती आसनाच्या पाठीवरच आदळते आणि तो आघात प्राणघातक ठरू शकतो.

परदेशची भेट, शेजारची वस्तू

अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेली भेट नाकारणे अवघड असते. परंतु तेथील आसने तेथील मोटारींसाठी घडवलेली असतात. अमेरिकी मोटारींचे मागचे पट्टे पूर्ण ओढल्यावर जागीच घट्ट होतात. आपल्याकडील पट्टे सहसा अचानक हिसका बसल्यावरच अडकतात. आसनावर स्वतःची पट्टा-पकड नसेल, तर ते येथे सैल राहते. म्हणून भेट पाठवण्याआधीच चौकशी करावी, किंवा परदेशातून बाबागाडी घ्यावी आणि आसन येथे.

वापरलेले आसन घेताना एकच कसोटी लावावी: त्याचा सारा इतिहास ठाऊक आहे का? अपघातातून गेलेले आसन बाहेरून धडधाकट दिसले, तरी आतून तडकलेले असू शकते. प्लॅस्टिकही उन्हाने जुने होते; त्यामुळे अनेक आसनांवर वापराची मुदत छापलेली असते.

अहिंसक आचार पाळणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक चौकशी करावी. उंची बाबागाड्यांच्या दांड्यावर कधी कधी खऱ्या चामड्याची पकड असते, आणि बाळाखाली घालायला मेंढीच्या कातड्याचे अस्तर विकले जाते. कृत्रिम चामड्याचे पर्याय सहज मिळतात. आसनासोबत न आलेले कोणतेही अस्तर कारसीटमध्ये घालू नये, कारण त्यासह आसनाची चाचणी झालेली नसते.

रोजच्या वापरात

आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची रीत आहे. कारसीटमध्ये मात्र पायांमधून येणारा पट्टा बसायला हवा. म्हणून आधी बाळाला साध्या कपड्यांत बांधावे आणि दुपटे वरून पांघरावे. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत आणि चिमटीत पकडता येतील इतके सैल नसावेत.

आसन बाबागाडीवर बसले, म्हणजे त्यात बाळाने तासन्‌तास झोपावे असे नाही. अर्धवट बसलेल्या स्थितीत तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. सलग दोन तासांहून अधिक काळ बाळाला आसनात ठेवू नये, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासाचीच मर्यादा पाळावी. मुक्कामी पोहोचताच त्याला सपाट अंथरुणावर निजवावे. ज्यांना बाबागाडीतून रोज लांब फेरी मारायची आहे, त्यांनी त्याच सांगाड्यावर सपाट पाळणाही बसतो का, हे खरेदीवेळीच पाहावे. ज्यांचा वापर मुख्यतः मोटारीपुरता आहे, त्यांना जोडी लागतच नाही. जन्मापासून १८ किलोंपर्यंत चालणारे, मोटारीतच राहणारे आसन त्यांना किफायतशीर ठरते.

पहिले काही दिवस बाळ आसनात रडेल आणि आजीचा जीव कासावीस होईल. तिला गप्प बसवण्यापेक्षा एक क्विंटलाचा हिशेब मांडून दाखवावा. जिने संसारात पै-पैचा जमाखर्च सांभाळला, तिला तो लगेच कळेल. मग तिने बाळाशेजारी बसावे, त्याच्या मुठीत आपले बोट द्यावे आणि णमोकार म्हणावा. रडे थांबले नाही, तर मोटार बाजूला उभी करून बाळाला घ्यावे. चालत्या मोटारीत पट्टा सोडू नये.