ग्राहक राजा नव्हे, नागरिक!

शिष्यवृत्तीच्या बळावर आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आज जर्मनीत शिकायला जात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे पोहोचल्यावर महिनाभरात घरी फोनवर एक तक्रार हमखास येते. "इथले दुकानदार फार उद्धट आहेत. कोणी नीट बघतसुद्धा नाही." ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुकानाच्या पायरीखाली उभे राहून वाणसामान घेतले, त्यांना असा अनुभव टोचणारच. म्हणूनच या 'उद्धटपणा'ची चिकित्सा केली पाहिजे.

तिथे घडते ते इतकेच. सुपरमार्केटमध्ये कॅशियर बाई खुर्चीत बसलेली असते. ती भराभर माल पुढे सरकवते. सामान भरून द्यायला पोऱ्या नसतो. पिशवी आपली आणि भरणारे हातही आपलेच. हॉटेलात पाण्याचे पैसे पडतात. मागितल्याशिवाय बिल येत नाही, कारण टेबलावरून तुम्हाला उठवणे हाच तिथे असभ्यपणा मानला जातो. रविवारी दुकाने बंद असतात. खुद्द जर्मन लोकच आपल्या देशाला 'सेवेचे वाळवंट' म्हणतात.

पण या वाळवंटाखाली कायद्याचा झरा आहे, तो किती जणांना दिसतो? रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षित झाला आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम कायम ठेवले. बर्लिनने नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा दिली, तेव्हा २००९ साली तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. २०१५ पासून देशभर किमान वेतन लागू आहे. तेव्हा ते ताशी ८.५० युरो होते. जानेवारी २०२६ पासून ते १३.९० युरो झाले. वेटरलाही हे वेतन टिप सोडून मिळते. ज्याचे पोट तुमच्या मर्जीवर अवलंबून नाही, तो तुमच्यापुढे कशाला वाकेल?

आता अमेरिका पाहा. तिथे वेटर हसतो, नाव सांगतो, चार वेळा विचारपूस करतो. आपल्या लोकांना ते फार आवडते. पण त्या हास्याची किंमत काय? टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे रोख वेतन संघराज्याच्या कायद्याने १९९१ पासून ताशी अवघे २.१३ डॉलर ठेवले आहे. टिप धरूनही ७.२५ डॉलर भरले नाहीत, तरच मालकाने उरलेले द्यायचे. काही राज्यांनी जास्त वेतन दिले, पण अनेक राज्यांत हाच हिशेब चालतो. या प्रथेला वर्णाचा इतिहास आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पोर्टर म्हणून ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर. मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. आपल्याकडचे 'ए पोऱ्या' आठवते ना? १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी आपली संघटना उभारली. म्हणून अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी टिप चुकवू नये. तिथे ती बक्षिसी नाही, कष्टकऱ्याच्या मजुरीचाच भाग आहे.

आणि आपल्या देशात? मोठमोठ्या कापड दुकानांत विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असतात. त्यांना बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कोणी कोणासमोर बसायचे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. पाटलासमोर खाटेवर बसला म्हणून मार खाल्लेली माणसे आपल्याच घरांत होती. मग जर्मनीतली बाई खुर्चीत बसून हिशेब करते, तेव्हा आपण तिला उद्धट का म्हणावे?

मात्र दुसरी बाजूही पक्की ध्यानात ठेवा. रुक्षपणा वेगळा आणि भेदभाव वेगळा. ओळखायची कसोटी सोपी आहे. तुमच्या पुढच्या गोऱ्या ग्राहकाला तीच वागणूक मिळाली काय? मिळाली असेल तर ती तिथली रीत समजा. पण त्याला आत घेतले आणि तुम्हाला दारात अडवले, त्याला घर दाखवले आणि तुमचे नाव ऐकून नाकारले, तर गप्प बसू नका. २००६ च्या समान वागणूक कायद्याने वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व अशा कारणांवरून असा भेद करण्यास तिथे मनाई आहे. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा. केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालय सल्ला देते, त्यासाठी शुल्क घेत नाही. दाव्याची मुदत थोडी असते, म्हणून उशीर नको.

परदेशी जाणाऱ्या आपल्या तरुणांनी एवढे करावे. दुकानात शिरताना 'हालो' म्हणावे, निघताना निरोप घ्यावा, रांग मोडू नये, आपली पिशवी आपण भरावी. मुजऱ्याची अपेक्षा मनातून काढून टाकावी. आणि सुट्टीत गावी आल्यावर चहा आणून देणाऱ्या पोराला 'ए' म्हणून हाक मारण्याऐवजी त्याचे नाव विचारावे. कोणी आपल्यापुढे वाकत नाही, याचा अपमान वाटणे ही राजाची सवय आहे. आपला लढा राजा होण्यासाठी कधीच नव्हता.